अठरा विहिरींच्या आक्का

आक्का गेल्याची बातमी आली तेव्हा मी कोगनोळीच्या नाक्यावर, गाड्यांच्या रांगेत, पुण्याकडे तोंड करून उभा होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मनाला तेच टोचतं. पुण्यातल्या एका संस्थेनं मला मुलाखतीला बोलावलं होतं. घरी ठाऊक होतं, मित्रांना ठाऊक होतं, कॉलेजच्या कँटीनवाल्यालाही बहुधा वास लागला होता; फक्त आक्कांना मी सांगितलं नव्हतं. फोन त्यांच्या भाच्याचा, अनगोळहून. "सर, आक्का गेल्या. सकाळी चा पीत बसल्या हुत्या, कप खाली ठेवला आणि..." मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मी नाका ओलांडला, कागलच्या अलीकडं गाडी वळवली आणि तोच नाका उलट्या दिशेनं ओलांडून बेळगावला परत निघालो. निपाणी मागं पडेपर्यंत डोळे कोरडे होते. नंतर मात्र गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्याला आता सहा-सात आठवडे झाले. रडकं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय, कारण रडकं लिहिलेलं आक्कांनी लाल पेनानं खोडलं असतं. आणि खरं सांगायचं तर आक्कांची आठवण आली की मला आजही रडू येण्याआधी हुरूप येतो. माणूस खोलीत शिरल्यावर काहीतरी सुरू होणार असं वाटायला लागावं, अशी माणसं फार नसतात. मी आकडेशास्त्राचा मास्तर, स्वभावानं किरकिरा, कुठल्याही नव्या गोष्टीत आधी खोट शोधणारा. अशा माणसाला त्यांनी तीन वर्षं विहिरींच्या काठावरून पळवलं, आणि मी पळालो.

डॉ. तारामती कांबळे आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि आता आराम करा असं सांगितलं. आक्कांनी शाल पांघरली, नारळाची चटणी करून विभागात वाटली आणि तिसरी गोष्ट ऐकलीच नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या. "मारुती, तुला आकडं कळत्यात आणि मला गावं कळत्यात. चल, एक काम काढूया." काम काय, तर शाश्वत विकासाची धोरणं कागदावर काय म्हणतात आणि माणसं बांधावर प्रत्यक्षात काय करतात, याचा पंचवीस वर्षांचा अभ्यास. पंचवीस! मला वाटलं जीभ घसरली. "आक्का, प्रकल्प तीन वर्षांचा असतोय." "तीन वर्सांत सोलर पंप चालूच असतोय रं," त्या म्हणाल्या, "तो बिघडल्यावर माणूस काय करतंय, ते मला बघायचं हाय."

या हट्टाचं मूळ त्यांच्या निपाणीच्या घरात होतं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आक्का शाळेत असताना त्यांच्या गल्लीत सरकारी निर्धूर चुली वाटल्या गेल्या. साहेब आले, फोटो निघाले, आईच्या गळ्यात हार पडला. पण त्या चुलीचं तोंड एवढं लहान, की गल्लीतल्या बायका जळणाला वापरायच्या ती तंबाखूची धाटं आत शिरतच नव्हती. आठवड्यानंतर चुलीत कोंबडी अंडी घालायला बसली, आणि आई पुन्हा जुन्या चुलीपुढं धुरात. आक्का हे सांगताना पोट धरून हसायच्या आणि मग एकदम गंभीर व्हायच्या. "चूल चुकली त्याचं मला काय न्हाय मारुती. चूक हुतीया. पर पुन्ना बघायला कुणी आलंच न्हाय रं! एक माणूस आला असता, तरी आईनं त्याला कोंबडी दाखवली असती..." त्यांच्या सगळ्या संशोधनाची व्याख्या एवढीच होती. पुन्हा बघायला जायचं, दर वर्षी जायचं.

आणि जायचं कुठं, ही तर त्यांची खरी करामत. आमच्या भागात सीमा म्हटली की माणसाचा आवाज चढतो. आमच्या घरात तर जेवताना हा विषय काढायला आजीनं बंदी घातली होती, कारण भात गार व्हायचा. आक्कांनी मात्र माझ्या टेबलावर नकाशा पसरला आणि सीमेच्या दोन्ही अंगांना बोट ठेवलं. "ही माती काळी, हीबी काळी. हितं ऊस नि तंबाखू, तितंबी तेच. पाऊस तोच, पावनंबी एकमेकांचंच. बदलतंय काय? सरकार! दोन सरकारांची दोन धोरणं, बाकी समदं सारखं. आरं, अशी प्रयोगशाळा जगात शोधून घावायची न्हाय, आणि आपण निस्तं भांडत बसलोय!" आकडेशास्त्र शिकवणाऱ्याला असला मामला म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. वर्गावर जायची घंटा झाली होती. मी गेलो नाही. आम्ही दोघं तिथंच नकाशावर वाकून गावं निवडत बसलो. नऊ अलीकडची, कर्नाटकातली; नऊ पलीकडची, महाराष्ट्रातली. प्रत्येक गावातली एक विहीर. दर वर्षी तीन गोष्टी बघायच्या: विहिरीत पाणी किती, रानात पीक कुठलं, चुलीत जळण काय.

पगारी माणसं लावून मोजणी करायला आक्कांचा विरोध होता. प्रत्येक विहिरीला गावातलेच दोन जण, एक बाई आणि एक बाप्या, यांनीच माप घ्यायचं. त्यांना आम्ही 'मापकरी' म्हणायला लागलो. टेप आणायला आम्ही खडेबाजारात गेलो. "एष्टु बेकु?" किती पाहिजेत, असं दुकानदारानं गल्ल्यावरून मान वर न करता विचारलं. आक्का म्हणाल्या, "हदिनेंटु." अठरा टेप म्हटल्यावर त्यानं मान वर केली आणि मराठीत आला. "एवढ्या टेपा! अपार्टमेंट बांधताय काय बाई?" "व्हय तर," आक्का म्हणाल्या, "पंचवीस मजली." परत येताना त्या टेपांची पिशवी कुणाला धरू देईनात.

उद्घाटनाची तर गंमतच. कॉलेजनं हॉल ठरवला होता, फलक छापला होता, समई घासून ठेवली होती. आक्का म्हणाल्या, उद्घाटन विहिरीवर. कॉलेज चालवणारी मंडळी नाराज झाली, पण आक्कांच्या निम्म्या विद्यार्थिनी त्यांच्या सुना होत्या, त्यामुळं बोलणार कोण? दोन ट्रॅक्स जीपा भरून आम्ही कोगनोळीजवळच्या एका मळ्यात उतरलो. पाहुण्यांचे चकाकते बूट बांधावर घसरत होते. अठराही गावांतले मापकरी आले होते, कुणी दुचाकीवर, कुणी वडापच्या जीपमधून. काठावर उभ्या पाहुण्यांच्या हातात आक्कांनी टेप दिली, टोकाला लोखंडी नट बांधलेला. टेप खाली जायला लागली तसे सगळे आपोआप मोठ्यानं फूट मोजायला लागले... दहा, अकरा, बारा... मराठीत सुरू झालेली मोजणी मध्येच कानडीत गेली, पुन्हा मराठीत आली, आणि नट पाण्याला लागून 'डुबूक' झालं तेव्हा लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. एका विहिरीच्या पाण्यासाठी टाळ्या! पाहुणेही भाषण विसरले आणि "परत एकदा सोडू का?" म्हणाले. आक्का एवढंच बोलल्या, "पंचवीस वर्सं मी काय पुरत न्हाय, माझं वय दिसतंयच तुमास्नी. शेवट बघायला दुसरं कुणीतरी आसंल. पर सुरवात माझ्या वाट्याला आली, म्हणून मी आज लई खुशीत हाय."

मग आमच्या हातून झाली ती चूक, जी दुसऱ्या कुठल्या मुलखात झालीच नसती. माप सगळीकडं एकाच दिवशी घ्यायचं होतं. दिवस असा हवा की माणसं रानात न जाता घरी सापडतील. आम्ही ठरवलं, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. बैलांची मिरवणूक झालेली, पुरणपोळी जिरायची बाकी, माणूस घरातच. अठराही गावांना निरोप गेला. सगळ्यांचा दिवस एकच, म्हणून मापाच्या चिठ्ठीवरचा तारखेचा रकाना मी हुशारी करून काढूनच टाकला. चिठ्ठ्या श्रावणात एकदम गोळा केल्या आणि आकडे मांडले, तर मी उडालोच. सात गावांतलं पाणी बाकीच्यांपेक्षा भलतंच वर! त्या सातातली पाच पलीकडच्या राज्यातली. माझ्या डोक्यात तर लेखाचं शीर्षकसुद्धा तयार झालं. पलीकडच्या पाणीधोरणाचं यश, आणि तेही पहिल्याच वर्षी! उरलेली दोन गावं अलीकडची निघाली. त्यांना मी 'अपवाद' म्हणून तळटीपेत ढकललं.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या मापकऱ्यांना कॉलेजच्या हॉलमध्ये बोलावून मी तो आलेख भिंतीवर दाखवला. अभ्यासाच्या देखरेखीसाठी कॉलेजनं नेमलेल्या समितीची मंडळी पुढच्या रांगेत. मी रंगात येऊन बोलत होतो आणि मागून एक बाई उठल्या. गंगव्वा. कोगनोळीकडच्या, उद्घाटनाच्या विहिरीच्या मापकरी. "सर, त्यांचं पानी वरच असनार की," त्या म्हणाल्या, "आमचं बेंदूर जेष्टात. त्यांचं आखाडात, म्हैन्यानं. तवर पाऊस पडून हिरी भरत्यात." कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठातल्या पुनवेला आणि महाराष्ट्री बेंदूर आषाढात, आणि कुठल्या गावानं कुठलं करायचं ते राज्याच्या रेषेवर नव्हे तर जुन्या रिवाजावर ठरलेलं. म्हणून तर माझे ते दोन 'अपवाद'! मी शेतकऱ्याचा मुलगा, पण आमच्या खानापूरकडच्या गावात जनावरांचं कौतुक दिवाळीच्या पाडव्याला. बेंदूर मी कॅलेंडरात वाचलेलं, ते एकच असणार असं धरून चाललो. आणि आक्का? त्या हसायलाच लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आमच्या घरात बैल कवा हुता रं मारुती? मी दुसऱ्याच्या दारातलं बेंदूर बघितलेलं, तेबी एकच!"

समितीतल्या एका गृहस्थांना हसू आलं नाही. पहिल्याच घासाला खडा लागला, आता शोभा होण्याआधी गाशा गुंडाळावा, असं त्यांनी तिथल्या तिथं सुचवलं. माझंही तोंड एवढंसं झालं होतं. कुणी बंद म्हटलं असतं तर मी आनंदानं घरी गेलो असतो. आक्का उठल्या. दम लागत होता तरी खुर्ची धरून उभ्या राहिल्या आणि शुद्ध पुस्तकी मराठीत, म्हणजे खरोखर रागावल्या की बोलायच्या त्या मराठीत, म्हणाल्या, "पहिल्या अहवालाच्या पहिल्या पानावर ही चूक छापली जाईल. मारुतीच्या आणि माझ्या नावानिशी. आपण पुन्हा लोकांसमोर आलो म्हणून ती कळली. हा कार्यक्रम आजच खऱ्या अर्थानं सुरू झाला आहे." मग गंगव्वांकडं वळून आपल्या भाषेत, "आता तुमीच सांगा बाई, दिवस कुठला धरायचा?" त्यावर जी चर्चा झाली तशी मी कुठल्या परिषदेत ऐकलेली नाही. सगळा हॉल एकदम बोलत होता. कुणी अक्षय्य तृतीया सांगितली, कुणी वैशाखी पुनव. शेवटी एक म्हातारे मापकरी म्हणाले, "रोहिणीचं नक्षत्र निघायच्या आदल्या दिवशी. हिरीचा तळ तवाच दिसतोय. आणि रोहिणी समद्या गावांत एकाच दिवशी निघत्यात, त्यास्नी काय नाका लागत न्हाय." समितीसुद्धा हसली. कार्यक्रम वाचला.

दुसऱ्या वर्षी रोहिणीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पहाटेपासून या गावातून त्या गावात फिरलो. अठराच्या अठरा मापं दुपारपर्यंत हातात आली, तारखेसकट. आक्कांना डॉक्टरांनी उन्हात फिरायला मनाई केली होती; त्यांनी डोक्यावर ओला टॉवेल घेतला आणि मनाई पाळल्यासारखं केलं. परत येताना एका झाडाखाली बसून आम्ही कैरीला तिखट-मीठ लावून खाल्लं. आक्का लहान मुलीसारख्या खुशीत होत्या. आणि मध्येच, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मारुती, माझ्यामागं तू ऱ्हाशील न्हवं? तेवीस वर्सं?" मी चाळिशीचा. पुण्याच्या जागेचं तेव्हा नुकतंच कानावर आलेलं. "बघू की आक्का," मी म्हटलं, "एवढं लांबचं आज कुणी सांगावं?" उरलेली कैरी त्यांनी माझ्यापुढं सरकवली. तो विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही, आणि मीही काढला नाही. याची मला आज लाज वाटते.

आक्का चैत्रात गेल्या. पुण्याच्या संस्थेनं समजुतीनं घेतलं, मुलाखत फोनवर झाली आणि जागा मला मिळाली. रोहिणी आठवड्यावर आल्या होत्या. मी कुणालाही निरोप पाठवला नाही. आठवण करून द्यायचं काम नेहमी आक्कांचं, त्या प्रत्येकाला स्वतः फोन करायच्या. मनात म्हटलं, आता माणूसच गेलं, तर लोक कशाला ओझं वाहतील? नाही झालं माप, तर सगळं आपोआप संपेल आणि मला नाही म्हणावं लागणार नाही. असा भित्रा हिशोब करून मी मापाच्या दिवशी दुपारी कार्यक्रमाच्या खोलीत जाऊन बसलो. भूगोल विभागाच्या मागची, जुने नकाशे ठेवायची खोली ती. आणि पहिला फोन वाजला. "सर, माप लिवून घ्या." मग दुसरा. मग तिसरा येईपर्यंत चौथ्याचा मिस्ड कॉल पडलेला. कागद सापडेना म्हणून मी पुण्याच्या पत्राच्या पाकिटावर लिहायला लागलो. पाच वाजेपर्यंत सतरा मापं! खोलीत मी एकटा, आणि प्रत्येक फोनला आनंदानं ओरडत होतो, शिपाई दोनदा डोकावून गेला.

अठरावा फोन गंगव्वांचा. माप सांगून झालं. मग म्हणाल्या, "यंदा माप सुनंनं घेतलंय, मी निस्ती काठावर हुतो. गुडघं धरत्यात माझं. पंचवीस वर्सं काय माझ्यानं व्हायची न्हाईत, म्हणून तिला शिकवून ठेवलंय. बराबर केलं न्हवं?" मी म्हटलं, "बरोबर केलंत." पलीकडं म्हैस रेकली, तिला दटावून त्यांनी विचारलं, "आक्कांनीबी तुमास्नी शिकवून ठेवलंय न्हवं सर?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग पुढल्या वर्सी सून तुमालाच फोन करंल."

"मलाच करू दे. त्याच्या पुढल्या वर्षीही मीच आहे."

"मग झालं की," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी पुण्याला दोन ओळींत नकार कळवला. मन लावून लिहिलेल्या माझ्या सगळ्या अर्जांपेक्षा त्या दोन ओळी मला जास्त आवडल्या.

त्या खोलीत आक्कांची एक सवय अजून तशीच आहे. टेबलाच्या समोरासमोर खुर्च्या त्यांनी कधी ठेवू दिल्या नाहीत. दोन्ही खुर्च्या एकाच बाजूला, खिडकीकडची त्यांची आणि दाराकडची माझी. समोर बसलं की एकाला कागद उलटा दिसतो, असं म्हणायच्या. आक्का गेल्यापासून मी दाराकडच्या खुर्चीतच बसत होतो आणि खिडकीकडची कुणाला ओढूही देत नव्हतो. काल सकाळी एक मुलगी आली, याच वर्षी एम.ए. झालेली, निपाणीजवळच्या गावातली. अहवालाचं पहिलं पान वाचून तिला ही बेंदराची चूक फार आवडली म्हणे, आणि यात काम करायला मिळेल का, असं दारातूनच विचारत होती. मी तिला थांबा म्हटलं. उठून खिडकीकडच्या खुर्चीत जाऊन बसलो, आणि मग तिला म्हटलं, आत या, ही खुर्ची रिकामी आहे.